ओलं आभाळ, कोरडं आभाळ

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, चौकोनी, अंगावर चंदेरी रंगाचे थरावर थर चढलेले. अकोला-अमरावतीकडच्या मुलांना माझी ओळख करून द्यायला नको. आमच्याकडे होळी झाली की घरोघरी कूलर पुसायला निघतात. पण तुमच्यापैकी कुणी थंड गावचं असेल तर सांगतो. माझ्या तीन बाजूंना वाळक्या गवताच्या ताट्या असतात. तळाला पाणी असतं. एक छोटा पंप ते पाणी वर चढवतो आणि ताट्यांवर सोडतो. मग माझा पंखा बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या गवतातून ओढून खोलीत फेकतो. माणसाला गार वाटतं. एवढंच माझं काम.

मी मात्र आयुष्यभर याहून थोडं वेगळं काम केलं. मी आभाळ रंगवायला मदत केली. हसू नका. कशी केली ते ऐका.

मला नत्थुजींनी बनवलं. अकोल्यात त्यांचं पत्रेकामाचं दुकान होतं. पावसाळ्यानंतर ते धान्याच्या कोठ्या आणि पेट्या बनवत, आणि थंडी सरायला लागली की कूलर. त्यांच्या हातचा कूलर गळत नसे. गिऱ्हाइकाने कूलर टेम्पोत चढवला की ते न चुकता एक गोष्ट सांगत, "समोरची खिडकी उघडी ठेवजा. ओल भाईर गेली पायजे. नाईतं घराचं तळं होते." हे ते इतक्या वेळा सांगत की दुकानातले कारागीर त्यांच्या मागे हेच वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून हसत.

नत्थुजींची बायको म्हणजे रागिणीबाई. त्या शाळेत चित्रकला शिकवत. त्यांचं घर गावाच्या कडेला होतं. घरामागे रस्ता नाही, शेजार नाही, नुसती वावरं. वर्षभर शाळा आणि मुलांच्या चित्रकलेच्या परीक्षा यात त्यांना वेळ मिळत नसे. स्वतःची चित्रं त्या उन्हाळ्याच्या सुटीत काढत. त्यांना निसर्गचित्रं आवडत, तीही पाण्याच्या रंगातली.

आणि इथेच सगळी पंचाईत होती. रागिणीबाई ज्या सरांकडे शिकल्या ते कोकणातले. त्यांनी शिकवलेली रीत अशी, की आधी अख्खा कागद पाण्याने ओला करायचा, वरच्या बाजूने निळा रंग सोडायचा आणि बोर्ड तिरपा धरायचा. रंग आपोआप खाली उतरतो, फिकट होत जातो, आणि आभाळ तयार होतं. सरांच्या गावात ते होतही असेल. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी ब्रश कागदाच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असे. रंग अर्ध्या वाटेत थांबायचा आणि जिथे थांबला तिथे त्याची कडा उमटायची. आभाळ नाही, पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी व्हायची.

रागिणीबाईंनी नाना उपाय केले. पहाटे उठून पाहिलं. रंगात ग्लिसरीनचे थेंब टाकून पाहिले. कुणीतरी सांगितलं म्हणून मध टाकला, तर रंग वाळायच्या आत आभाळात मुंग्या आल्या. शेवटी त्या कागद फाडून टाकत आणि मला चित्र येतच नाही असं म्हणून ब्रश गुंडाळून ठेवत.

नत्थुजींना चित्रातलं काही कळत नव्हतं. पण कागद लवकर वाळतो ही अडचण त्यांना कळली. ती त्यांच्या धंद्यातली होती. त्यांनी पत्रा कापायला घेतला, आणि मी झालो.

मी इतर कूलरांसारखा नव्हतो. माझ्या ताट्या नेहमीपेक्षा जाड होत्या. पंखा संथ होता. समोरच्या पट्ट्या अशा वाकवल्या होत्या की हवा टेबलावर आदळू नये, वरून सरकत जावी. शेजारच्या पार्बताबाई मला पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "बाईच्या कागदाले कूलर, अन् आमच्या घरात अजून पुठ्ठ्यानं वारा घेऊन राहिलो." नत्थुजी म्हणाले, "तुमी बी चित्र काढा ना वयनी. तुमाले बी बनवून देतो." पार्बताबाईंनी खरंच एक कमळ काढून आणलं. त्यावर बरेच दिवस हसणं झालं.

मला मागच्या खोलीच्या खिडकीत बसवलं. खिडकी पूर्ण भरली. पाणी भरलं, बटण दाबलं. थोड्या वेळाने खोलीतली हवा जड झाली. रागिणीबाईंनी कागद ओला केला, रंग सोडला, बोर्ड तिरपा धरला. निळा रंग हळूहळू खाली उतरू लागला आणि कुठेही थांबला नाही. त्यांनी बोर्ड तसाच धरून ठेवला होता. नत्थुजी दाराशी उभे होते. मित्रांनो, तो माझ्या कामाचा पहिला दिवस.

त्यानंतर कित्येक उन्हाळे मी ओली हवा दिली आणि त्यांनी मऊ आभाळं रंगवली. ढग एकमेकांत मिसळत. झाडांचे शेंडे धुक्यात विरघळत. चित्रांचं कौतुक होऊ लागलं. एका पतसंस्थेने त्यातलं एक कॅलेंडरवर छापलं. आल्यागेल्याला नत्थुजी ते कॅलेंडर दाखवत आणि मग मला. म्हणत, आभाळ तिचं, पण हवा माझी.

मग एका वर्षी अमरावतीला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. परत आल्या त्या थेट मागच्या खोलीत गेल्या. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी त्या तिथेच बसून होत्या. नत्थुजींनी विचारलं, काहून, चित्रं खपली नाहीत काय.

"खपली ना. सारी खपली," त्या म्हणाल्या. "एक साहेब मले म्हणे, मॅडम, हे महाबळेश्वर ना? मी म्हटलं, नाही जी, बोरगाव मंजूच्या पुढचं आमच्या मामाचं वावर हाय. तं ते हसले."

"मंग? चांगलंच म्हटलं त्यायनं."

"चांगलं म्हटलं तेच तं," रागिणीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या टेबलापाशी बसल्या आणि त्यांनी मला बंद केलं. मला वाटलं लाइट गेली. नव्हती गेली.

खोली तापली. त्यांच्या कपाळावरून घाम टपकू लागला. त्यांनी चपटा ब्रश घेतला, त्यात पाणी कमी आणि रंग जास्त घेतला, आणि झपाझप हात मारले. रंग वाळत होता. या वेळी त्यांनी त्याला वाळू दिलं. पट्टे पडले, कडा उमटल्या. ब्रश कोरडा पडला तेव्हा तो कागदावरून खरखरत गेला आणि मध्ये मध्ये पांढरे ठिपके तसेच राहिले. मामाच्या वावरात दुपारी जमिनीलगत हवा थरथरते ना, ते ठिपके अगदी तसे दिसू लागले. काळ्या मातीचंही तेच झालं. माझ्या ओलीत ती माती नेहमी तळ्याकाठच्या चिखलासारखी दिसायची, कारण तपकिरी आणि निळा रंग एकमेकांत मुरून जायचे. आता ते दोन्ही आपापल्या जागी वाळले, मध्ये कडा राहिल्या, आणि उन्हाळ्यातल्या भेगाळलेल्या जमिनीसारखी जमीन कागदावर आली. काळा रंग तर त्यांनी वापरलाच नव्हता.

त्या संध्याकाळी त्या नत्थुजींना पुष्कळ काही सांगत होत्या. सांगणं असं, की इतकी वर्षं मला वाटत होतं आपला हात कच्चा आहे. सरांच्या गावची हवा ओली, म्हणून त्यांची रीत ओली. त्या रीतीने काढलं की कुठलंही गाव त्यांच्या गावासारखं दिसणार. आपल्याकडचा रंग जो अर्ध्यात वाळतो, ती चूक नाही. ते इथलं ऊन आहे. तेही चित्र काढत असतं. नत्थुजी ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, म्हणजे हा कूलर आता भंगारात द्यायचा काय.

मलाही तेच विचारायचं होतं.

पुढचे काही दिवस मी खिडकीत नुसता बसून होतो. ताट्या वाळल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग रागिणीबाई कौंडण्यपूरला जाऊन आल्या आणि वर्धा नदीचं पहाटेचं चित्र काढायला बसल्या. नदीवर धुकं होतं, आणि धुकं काही कोरड्या हवेत येईना. त्यांनी मला लावलं. नदी झाली. पण काठावरचे दगड मऊ पडू लागले, तशी त्यांनी मला बंद करायला नत्थुजींना हाक मारली.

असं करत करत त्यांची एक रीत बसली. नत्थुजींनी दुकान कारागिरांवर सोपवलं होतं, त्यामुळे दुपारी ते घरीच असत. ते बटणापाशी स्टूल टाकून बसत. रागिणीबाई कागदावरची मान वर न करता सांगत, लावा. थोड्या वेळाने सांगत, बंद करा. चिखलदऱ्याच्या दरीतले ढग असले की लावा, खालचा सुकलेला साग आला की बंद करा. कधी नत्थुजींना डुलकी लागे.

"अवो, बंद करा म्हटलं ना. कानात पाणी गेलं काय?"

"तुह्याच कूलरचं गेलं," ते म्हणत आणि बटण दाबत.

एका कागदावर ओलं आणि कोरडं शेजारी शेजारी नांदू लागलं. शाळेतल्या मुलांनाही त्या हेच सांगू लागल्या. मुलं सवयीने दोन डोंगर, मधून सूर्य आणि नारळाचं झाड काढत. त्या त्यांना शाळेच्या कुंपणापाशी नेऊन उभं करत आणि विचारत, यातलं इथे काय काय आहे ते दाखवा. मग सांगत, आधी आपला कागद ओळखा, आपलं पाणी ओळखा, आज हवा कशी आहे ते हाताला कळू द्या. प्रत्येक गोष्ट आपल्या चित्रात थोडी थोडी येणारच. मग ती कुठे येते ते आपण पाहून ठेवलेलं बरं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास रागिणीबाई गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. त्याबद्दल मी जास्त सांगत नाही.

मुलगी आकांक्षा हैदराबादहून आली, राहिली, बाबांना सोबत चला म्हणून पुष्कळ सांगितलं आणि नोकरीसाठी परत गेली. नत्थुजी गेले नाहीत. मागच्या खोलीत भिंतींवर रागिणीबाईंची चित्रं होती. विकली गेली ती गेली, मागे राहिली ती एवढीच. तेच आता त्यांचं सारं काही होतं. ते रोज काचांवरून कापड फिरवत. कापड फिरवताना बोलतही. काय बोलत ते सांगायचं नसतं.

होळी झाली. नत्थुजींनी माझ्या ताट्या बदलल्या, पंपाला तेल दिलं, पाणी भरलं आणि मला लावलं. टेबलापाशी कुणी नव्हतं. ते बटणापाशी स्टुलावर बसले. पहिल्या दिवशी मला वाटलं, थोडा वेळ बसतील आणि उठतील. ते संध्याकाळपर्यंत बसले. मग रोजच. सकाळी मी सुरू होई तो दिवे लागल्यावर बंद होई. आकांक्षाने फोनवर दिवसभर कूलर कशाला म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, तुझ्या आईच्या चित्रायले उन्हाचा त्रास नको. ते त्यांना खरंच वाटत होतं. चित्रं काढताना ओल लागत होती, तर ठेवतानाही लागत असेल असं त्यांनी धरलं.

चैत्रात वावटळी सुटल्या. समोरच्या खिडकीतून धूळ आली आणि चित्रांच्या काचांवर बसली. नत्थुजींनी ती खिडकी लावून घेतली. पुन्हा उघडली नाही.

ज्या माणसाने हजार घरी सांगितलं की समोरची खिडकी उघडी ठेवा, त्याला आपल्या घरी ते आठवलं नाही. मला कळत होतं. मी फेकलेली हवा खोलीतच फिरायची आणि फिरून मलाच येऊन लागायची. दाराची फळी फुगली, ते लागेना झालं. भिंतीचा चुना हाताला लागू लागला. पण मित्रांनो, कूलरला बोलता येत नाही. बटण दाबलं की त्याला फिरावं लागतं.

वैशाखात प्राजक्ता आली. ती रागिणीबाईंची जुनी विद्यार्थिनी. आता अमरावतीला एका शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीत वर्ष होईल तेव्हा मॅडमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं, म्हणून ती चित्रं पाहायला आली होती. नत्थुजींनी तिला पाणी दिलं, कच्चा आंबा कापून मीठ लावून दिला आणि मागच्या खोलीत आणलं.

आतला कुबट वास आला तशी ती दारातच थांबली. मग पुढे होऊन तिने कौंडण्यपूरची नदी भिंतीवरून उतरवली. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा बोटाने दाबला. तो ओल्या पोळीसारखा दबला. तिने चित्र फिरवलं. नदीवरच्या धुक्यात तपकिरी ठिपके पडले होते. एका कोपऱ्यात कागद काचेलाच चिकटला होता. तिने दुसरं उतरवलं, तिसरं उतरवलं. माझ्याजवळच्या भिंतीवरची सगळ्यात जास्त गेली होती. नत्थुजी प्रत्येक चित्र तिच्या हातून घेत, उजेडाकडे धरत आणि टेबलावर ठेवत.

"म्या तं रोज पुसतो," ते म्हणाले.

"वरून पुसता काका. आतून ओल धरली. बुरशी हाय." ती इकडेतिकडे पाहत होती. तिने बंद खिडकी पाहिली, मग मला पाहिलं. "हा दिवसभर चालू राह्यते काय?"

त्यांनी मान हलवली. त्यांना सगळं समजलं असावं. ते बंद खिडकीकडे पाहत राहिले. ओल भाईर गेली पायजे, हे त्यांनी अगदी हळू म्हटलं, जणू ते कुणी दुसऱ्यानेच त्यांना सांगितलं होतं.

प्राजक्ता समजावू लागली. झालेले डाग जायचे नाहीत, पण थांबतील. चित्रं फ्रेममधून काढू, सावलीत पसरू, आपली कोरडी हवाच त्यांना वाळवेल. फक्त या खोलीत कूलर लावायचा नाही. उद्यापासून नाही, आतापासून.

नत्थुजी बटणापाशी गेले. हात बटणावर ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"हा चालू असला ना पोरी," ते म्हणाले, "तं वाटते ती काम करून राहिली. आता म्हणन, बंद करा. म्हणून बसतो म्या इथं."

प्राजक्ता म्हणाली, "मंग दुसऱ्या खोलीत लावा ना काका. तिथं बसा."

"दुसऱ्या खोलीत ती बसत नव्हती."

मी फिरत होतो. टेबलावर चित्रं पडली होती, आणि माझा वारा त्यांच्या कडा उचलत होता. नत्थुजींनी ते पाहिलं. त्यांनी बटण दाबलं.

पंखा थांबायला थोडा वेळ लागतो. मग ताट्यांतून टपटप पाणी गळतं, आणि मग तेही थांबतं. ते खोलीच्या मधोमध उभे राहून ऐकत होते. सगळं थांबल्यावर त्यांनी बाही वर केली आणि प्राजक्ताला म्हणाले, पेचकस दे, फ्रेमचे स्क्रू म्या बसवले होते, मलेच निघतीन.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून सारी चित्रं फ्रेममधून काढली. पडवीच्या सावलीत चादरी अंथरल्या आणि त्यांवर ती पसरली. वैशाखाचा कोरडा वारा सुटला होता. ज्या हवेवर रागिणीबाई एके काळी चिडायच्या, तीच हवा आता त्यांचे कागद वाळवत होती. कौंडण्यपूरची नदी मात्र वाचली नाही. काचेला चिकटलेला कागद सोडवताना धुकं निघून आलं. बाकीची राहिली, डागांसकट. ते डाग रंगाने झाकता येतील असं प्राजक्ता म्हणाली. नत्थुजींनी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातले कारागीर बोलावून त्यांनी मला खिडकीतून काढलं. मी किती वर्षांत हललो नव्हतो. मला उचलून पडवीत ठेवलं आणि उघड्या दारातून मी पहिल्यांदा ती खिडकी रिकामी पाहिली. मी ती पूर्ण भरून बसलो होतो. तिच्या मागे वावर होतं. नांगरून टाकलेलं, काळं, सपाट, पार क्षितिजापर्यंत. वर आभाळ. जमिनीलगत फिकट पट्टा, त्यावर जरा गडद, त्यावर अजून गडद. रागिणीबाई बाहेर हिंडून कागदावर जे आणत होत्या, ते त्यांच्या टेबलासमोरच होतं, आणि मध्ये मी होतो.

आता नत्थुजी दुपारी त्याच खोलीत बसतात. दोन्ही खिडक्या उघड्या. चित्रं पुन्हा भिंतीवर आहेत. गळ्यात ओला दुपट्टा असतो, शर्ट पाठीला चिकटलेला असतो. आकांक्षा रोज फोनवर रागावते, बाबा, एवढ्या उन्हात कूलर का नाही लावत, लू लागेल. पडवीतून मला त्यांचं बोलणं ऐकू येतं.

"मले ऊन चालते," ते तिला म्हणतात. "तिच्या चित्रायले ओल नाही चालत."

संध्याकाळी मात्र ते पडवीत येतात, मला पाणी घालतात आणि थोडा वेळ माझ्यासमोर बसतात. तेव्हा मी जमेल तेवढी गार हवा देतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणीतरी आपल्या हाताने केलेलं काही असेल. चित्र असेल, गोधडी असेल, एखादा पत्र्याचा डबा असेल. ते जपायचं असेल तर आपल्याला त्याला काय द्यावंसं वाटतं ते आधी बाजूला ठेवा. त्याला काय सोसतं ते विचारा. त्याला बोलता येत नसेल तर मागून हात लावून पाहा. आणि चित्र काढायला बसाल तेव्हा समोरची खिडकी कुणी अडवली नाही ना, तेवढं एकदा उठून बघा.